शिंगाच्या पुडीचं कडं

डॉक्टर लिडयार्ड यांनी टेबलावरचे पेले बाजूला सारायला लावले. ट्रेडवेलने बरणी उघडली आणि एकशिंग्या घोड्याच्या शिंगाची पूड चिमटीचिमटीने सोडत लाकडावर पांढरं कडं काढलं. त्याचा हात सराईत होता. उभी हयात औषधांच्या दुकानात गेली होती.

विष आणि विषारी जीव हे कडं ओलांडत नाहीत, असं सगळं लंडन पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं होतं. अशा समजुती प्रयोगाने पारखायला जमणाऱ्या या सभेचा नियम मात्र निराळा होता. कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. जे असेल ते सगळ्यांनी मिळून डोळ्यांनी बघायचं आणि एकाचीही शंका उरली तर प्रयोग पुन्हा करायचा.

मागच्या उन्हाळ्यात, प्लेगने शहर रिकामं होत असताना, ट्रेडवेलने याच बरणीतली पूड आपल्या मुलीच्या, टेम्परन्सच्या, खाटेभोवती पसरली होती. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. ती गेली, हेही. आजचा प्रयोग त्यानेच मागितला होता. पूड खरी होती, एवढं त्याला बघायचं होतं.

सर हम्फ्री कॉटल यांनी डबीतला कोळी कड्याच्या मधोमध सोडला. कोळी क्षणभर थांबला आणि पुडीवरून तुरुतुरु चालत बाहेर आला.

"हा घोडा राजाविरुद्ध लढलेल्या पार्लमेंटच्या बाजूचा दिसतोय," सर हम्फ्री म्हणाले. "राजाच्या राज्यात काम करायला तयार नाही."

दोघंतिघं हसले. ट्रेडवेल हसला नाही. पूड जरा पातळ पडली होती, असं त्याने सांगितलं आणि पुन्हा करायला लावलं. कोळी पुन्हा बाहेर आला. मग टेबल कलतं असल्याची शंका निघाली, टेबलाखाली पाचर बसवून झाली. कोळी तिसऱ्यांदाही बाहेर आला. सर हम्फ्रींनी कोळ्याला सभेचा सभासद करून घ्यायची सूचना मांडली.

"ट्रेडवेल, आता पुरे करू या," डॉक्टर हळूच म्हणाले.

"नियम तुमचाच आहे, डॉक्टर. माझी शंका उरली आहे."

डॉक्टरांनी मान डोलावली. प्लेगच्या दिवसांत ते गावाकडे भावाच्या घरी होते. तेव्हापासून ट्रेडवेलला नाही म्हणणं त्यांना जड जात असे.

चौथ्या खेपेला कोळी कड्यापाशी आला. पुढचे दोन पाय उचलून त्याने पुडीला लावले, मागे घेतले आणि तो मधोमध जाऊन बसला.

सगळे पुढे वाकले. खाली गल्लीतून एक गाडी घंटा वाजवत गेली. गेल्या वर्षी प्लेगची प्रेतं गोळा करणाऱ्या गाड्या अशीच घंटा वाजवत; तेव्हापासून ती ऐकली की या खोलीतलं बोलणं थांबत असे. आज कुणी बोलतच नव्हतं. टेबलावरचं ऊन भिंतीवर चढलं. कोळी हलला नाही.

"जिंकलात की हो," सर हम्फ्री खालच्या आवाजात म्हणाले.

ट्रेडवेलने हात पुढे केला आणि बोटाने कड्याचा एक भाग पुसून टाकला. मोकळ्या झालेल्या वाटेशी बोट तसंच टेकवून तो कोळ्याकडे बघत राहिला.

"अहो, काय केलंत हे?" डॉक्टर म्हणाले. "तो बसला होता. प्रयोग बिघडवलात तुम्ही."

"तीही अशीच बसली होती," ट्रेडवेल म्हणाला. "मीच बजावलं होतं, काही झालं तरी कडं ओलांडायचं नाही. पाण्याचा तांब्या कड्याबाहेर, दाराशी राहिला होता, आणि मला परत यायला उशीर झाला. आलो तेव्हा कडं जसंच्या तसं होतं. कुठे पाऊल उमटलेलं नव्हतं."

सर हम्फ्रींनी आपल्या मखमली बाहीने उरलेलं कडं पुसलं, चहूबाजूंनी, एक कण राहू दिला नाही.

कोळी मधोमध बसूनच होता.