बारा बाहुल्या

लुगड्यावरची कुयरी जगदेवीनं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं भराभर पुसून टाकली. वेळ थोडा होता. निवृत्ती कारकून जेवायला गेला होता आणि अर्ध्या तासात परत यायचा.

टेबलावर बोटभर उंचीच्या बारा मातीच्या बाहुल्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर, अंगावर लुगडं. लुगड्यांवरची नक्षी जगदेवीची. ठसा नाही, छापा नाही. खारीच्या केसांच्या कुंचल्यानं, नुसत्या हातानं काढलेली.

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुना. टँकरचे ड्रायव्हर देगलूरच्या पलीकडून, तेलुगू मुलखातून आलेले. त्यांना मराठी अक्षर लागायचं नाही. त्यात आसपास एकाच नावाची गावं, तीन हिप्परगे आणि चार वडगावं. पहिल्याच आठवड्यात दोन टँकर भलत्याच गावी रिकामे झाले. तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी ही युक्ती काढली. प्रत्येक गावाला एक नक्षी. तीच हौदाच्या भिंतीवर, तीच बाहुलीच्या लुगड्यावर. बाहुलीच्या पायाशी रस्त्याचा रंग, फाट्यावरच्या दगडालाही तोच. ड्रायव्हरनं सकाळी बाहुली न्यायची, तशी नक्षी दिसेल त्या हौदात पाणी सोडायचं, संध्याकाळी बाहुली परत आणायची.

एकेचाळीस गावांचे हौद जगदेवीनंच रंगवले होते. टँकर मात्र बारा. म्हणून बाहुल्याही बारा.

कोनाळवाडी त्या बारांत नव्हती.

कोनाळवाडीत तिची लेक शिवगंगा होती. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच झालेलं. हौद रंगवायला गेली तेव्हा जगदेवीनं नातू पाहिला. नऊ दिवसांचा. टाळू आत गेलेली. रडत होता, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. शिवगंगेला दूध उतरत नव्हतं. विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं भरलेलं पाणी चार पदरी धडप्यातून गाळलं तरी गढूळच राहायचं.

"निवृत्ती, कोनाळवाडीचं तेवढं बघ की रे बाबा," असं तिनं तीनदा विनवलं होतं.

"मावशी, यादी वरून येती. म्या निस्ता बाहुल्या मोजणारा माणूस. बारा गेल्या, बारा आल्या, सही ठोकली, घरला गेलो."

त्या बोलण्यातच तिला वाट दिसली. निवृत्ती मोजायचा. बघायचा नाही.

रस्त्याचा रंग बदलून चालणार नव्हतं; रोजचा रस्ता सुटला तर ड्रायव्हरच विचारत आला असता. म्हणजे कोनाळवाडीच्या रस्त्यावरच्या तीन बाहुल्यांतलीच एक घ्यायला हवी. एका गावात आश्रमशाळेची दीडशे पोरं. दुसऱ्यात खडी फोडायला आलेली माणसं, बायकापोरांसकट. तिसरं कुयरीचं गाव, नदीहिप्परगा. तिथं वाळूत हातभर उकरलं की पाणी लागतं, असं ती ऐकून होती. पाहिलेलं नव्हतं.

आणि कायमचं कुठं करायचं होतं? सव्वा महिना होईस्तोवर बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. त्याला अजून अठरा दिवस. तेवढे निभले की लेकीला आणि लेकराला आपल्याकडं आणायचं, आणि पुसलेली कुयरी पुन्हा जशीच्या तशी काढून ठेवायची.

तिनं श्वास धरला आणि कुयरीच्या जागी कणीस काढलं. कोनाळवाडीची नक्षी. एक दाणा, एक ठिपका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरनं बाहुली टेबलावर ठेवली, तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सोडलं का पाणी?"

"हाव अम्मा. फुल खाली केला. लोकं नाचून राहिले."

निवृत्तीनं बारा मोजल्या आणि सही केली. जगदेवी त्या दिवशी पोटभर जेवली.

पाचव्या दिवशी नदीहिप्परग्याची चार-पाच माणसं कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, टँकर बंद का केलाव?"

"बंद?" निवृत्ती खवळला. "बाहुली रोज जाती, रोज येती. माझ्या सह्या हायेत. मधल्यामधी तुम्हीच इकून खाताव अन् हितं बोंबलायला येताव व्हय?"

"वाळूतबी थेंब न्हाई आता," त्यातला म्हातारा म्हणाला. "डबक्यातलं पिऊन राहिलोत. लेकरं हगवणीनं पडलीत, साहेब."

"जा, जा. सरपंचाला इचारा."

माणसं गेली. जगदेवीनं कणसाची बाहुली हातात घेतली. टर्पेंटाइनचा बोळा भिजवला. लुगड्यापर्यंत नेला. मग तिला ती खोल गेलेली टाळू दिसली. तिनं मोजलं. अजून तेरा दिवस.

तिनं बोळा खाली ठेवला आणि बाहुली रांगेत उभी केली.

आठव्या दिवशी दुपारी दारात चन्नबसप्पा दिसले. शिवगंगेचे सासरे. हा माणूस सगळ्यांदेखत टँकरचं काही बोलला तर? जगदेवी घाईनं उठली आणि त्यांना बाहेर लिंबाखाली घेऊन गेली.

"शरणार्थ, ईनबाई!" चन्नबसप्पांचा चेहरा फुलला होता. "अवो, कळलं का? आमचं नाव लागलं! आठ दिस झाले, रोज टँकर येऊन राहिला. हौद काठोकाठ. म्हशीबी पोटभर पिऊन राहिल्या. तुमच्या हातचं कणीस लई गुणाचं निघालं बगा."

जगदेवीला हुंदका आला. तिनं तो पदरात दाबला.

"आन् शिवगंगा? दूध उतरलं का तिला? लेकराची टाळू भरली का?"

चन्नबसप्पांनी पटक्याखाली बोट घालून डोकं खाजवलं.

"आता रागाला येऊ नगा, ईनबाई. सव्वा महिन्याच्या आत हालवू नये, म्हाईत हाय मला. पर तुम्ही हौद रंगवून गेलाव अन् दोनच दिसात हिरीतला गाळबी आटला. लेकरू हातचं जाईल म्हनलं. मंग काय करावं? घातलं गाडीत दोघान्लाबी."

"कुठं?"

"काळजी नगा करू. एकदा हालवली, आता पुना हालवाय नगं, म्हनून सव्वा महिना तिकडंच ऱ्हाऊ दिलं. माझ्या लेकीच्या घरी हायेत, नदीहिप्परग्याला. तिथं तर पयल्यापासनं टँकर येतो."