जशीच्या तशी

गोदामं बांधणाऱ्या कंपनीला हुसकावून वर्नेलबाईंनी अमेरिकेच्या यादवी युद्धात लढाई झालेलं आपलं व्हर्जिनियातलं शेत युद्धभूमी जपणाऱ्या संस्थेला विकलं. सरकारी अनुदान आणि भागीदार जमवून आलेल्या संस्थेच्या साहेबांनी शब्द दिला होता, “जमीन जशीच्या तशी ठेवू.” आज तेच साहेब बुलडोझर घेऊन अंगणात उभे. “अहो, राहतं घर पाडताय?” “बाई, जशीच्या तशी म्हणजे लढाईच्या दिवशी होती तशी. अनुदानाची अटच आहे. तेव्हा हे घर नव्हतं.” “कुठून असणार? तेव्हा माझे पणजोबा-पणजी याच शेतावर गुलाम होते. युद्ध संपून सुटका झाल्यावर त्यांनी पहिलं हेच उभं केलं.” साहेबांनी बुलडोझरच्या चालकाला खूण केली. वर्नेलबाई दारामागची केरसुणी घेऊन ओसरी झाडू लागल्या. “आता कशाला झाडताय, बाई?” “लढाईच्या दिवशी पणजीच्या हातात केरसुणीच होती. तेवढी राहू द्या जशीच्या तशी.”