पाखरांचे आवाज

निशिगंधा खाडीतल्या पाखरांच्या आवाजांवर संशोधन करायची आणि बाळकुमचे पंढरीकाका चार वर्षं तिला होडीतून न्यायचे. ते वारल्यावर महिन्याभराने त्यांची बायको लक्ष्मीकाकी तिच्याकडे आली.

"पोरी, तुझ्या मशिनीत यांचा आवाज हाय का गं?"

निशिगंधाने शोध शोध शोधलं. पाखरं होती, वल्ह्याखालचं पाणी होतं. काकांचा एक शब्द नव्हता.

"रेकॉर्डिंगच्या वेळी ते बोलायचेच नाहीत, काकी."

"बोलणं जाऊ दे. खोकला तरी असंल ना? शेवटचं वरीसभर त्या खोकल्यानं घरात कुणाला झोप नव्हती."

खोकलाही कुठे नव्हता. रेकॉर्डर लावला की काका तोंडावर टॉवेल गच्च दाबून बसायचे. निशिगंधाला वाटायचं, खाडीचा वास सहन होत नसेल.