साधी गाठ

लॅब सासऱ्यांची होती आणि सूनही त्यांच्यासारखीच पेशी तपासणारी डॉक्टर होती. एका शिक्षिकेच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये सासऱ्यांनी ‘साधी गाठ’ असं लिहिलं. सुनेला मायक्रोस्कोपखाली कॅन्सर लख्ख दिसला होता. “बाबा, सही करू नका. पुन्हा बघा.” “काल आलेली पोर मला शिकवणार? चाळीस वर्षं काय इथे माशा मारतोय?” त्यांची नजर अधू झाल्याचा तिला कधीपासून संशय होता. तिने त्यांच्या नकळत स्लाइड बदलली. सासरे भिंगावर वाकले, फोकस जुळवत राहिले आणि फिस्कारले, “निरोगी पेशी! झालं समाधान?” तिने स्लाइड काढून खिडकीच्या उजेडात धरली. “हिच्यावर काहीच नाही, बाबा. कोरी आहे.” त्यांचा चेहरा लालबुंद झाला. “घरात बोललीस तर याद राख,” ते गुरगुरले, पण खुर्ची सोडून उठले. तिने रिपोर्ट फाडून बाहेर बसलेल्या शिक्षिकेला बोलावलं.