बाहेरून कुलूप

कुलूप बाहेरून होतं आणि आतून मुलगी बोलत होती.

"बाबांनी सांगितलंय, कुणी आलं तरी दार उघडायचं नाही."

"शहाणी आहेस. नकोच उघडूस," बालसंरक्षण विभागातून आलेली ताई म्हणाली. "आपण अशाच गप्पा मारू."

ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन उकिडवी बसली होती. मागे समोरच्या घरातल्या काकू उभ्या होत्या. विभागाला फोन त्यांनीच केला होता. आतल्या सात वर्षांच्या मुलीला सगळे टिल्ली म्हणत. तिचा धाकटा भाऊ ढब्बू अजून धड चालतही नव्हता. आई गेल्या वर्षी वारली. बाप बस चालवायचा. सकाळी कुलूप लावून निघायचा तो संध्याकाळीच परतायचा.

"जेवलीस का गं?"

"मी नंतर. आधी ढब्बूचं दूध. पण ते उतू गेलं."

"मग काय केलंस?"

"फुंकर मारली. लगेच विझला गॅस." तिच्या आवाजात थोडी ऐट होती.

ताईने मागे वळून पाहिलं. वास आता काकूंनाही आला होता.

"टिल्ली, गॅसचं बटण बंद केलंस ना?"

"ते भाजतंय."

"हाताशी फडकं असेल बघ. फडक्यात धर आणि फिरव. आणि ऐक, दिव्याच्या बटणाला अजिबात हात लावायचा नाही. काडी ओढायची नाही."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"फिरलं!"

"शाब्बास. आता खिडकी उघड. सगळी उघड. ढब्बूला घेऊन तिथेच उभी राहा आणि माझ्याशी मोठ्याने बोलत राहा."

"हातोडी आणते," काकू कुजबुजल्या.

"हातोडी नको, ठिणगी उडेल. स्क्रू ड्रायव्हर आहे?"

काकू पदर खोचून धावल्या. ताईने कोयंड्याचे स्क्रू काढायला घेतले. गंजलेले होते, हलता हलत नव्हते.

"टिल्ली, ढब्बूला काय काय बोलता येतं?"

"फक्त 'दे' म्हणतो," खिडकीकडून आवाज आला. "'घे' म्हणायला नाही शिकला अजून. खूप लबाड आहे."

ताईला त्याही स्थितीत हसू आलं. शेवटचा स्क्रू निघाला. कुलूप कोयंड्यासकट लोंबकळलं आणि दार उघडलं. काकूंनी आत धाव घेऊन ढब्बूला उचललं. ताईने टिल्लीला बाहेर आणलं. तिचा तळहात लाल झाला होता. नळाखाली धरल्यावर ती रडली, पण हळू, ढब्बूला ऐकू जाणार नाही अशी.

बसच्या डेपोत काकूंनी निरोप दिला होता. बाप वर्दीतच जिने चढून आला. आधी त्याने निखळलेला कोयंडा पाहिला, मग काकूंच्या घरात बसलेली पोरं पाहिली, आणि मग तो पायरीवर मटकन खाली बसला.

"फोन कुणी केला?"

"मी," काकू म्हणाल्या.

"शेजारी ना तुम्ही? मला सांगायचं होतं, काकू. सरकारात कशाला गेलात?"

"विचारलं होतं ना तुला. पोरांचं कसं निभावतोस रे, म्हटलं. तू म्हणालास, सगळं मजेत."

"मग काय म्हणणार होतो?" त्याचा आवाज फुटला. "पाळणाघरवाली म्हणते, तान्हं मूल घेत नाही. बहीण परगावी. रजा संपली. उघडं दार टाकून जाऊ? कुलूप लावलं की निदान बाहेरचं तरी कुणी आत येणार नाही, असं वाटायचं."

मग त्याने ताईकडे पाहिलं.

"घेऊन जाणार का माझी पोरं?"

"मला हे वर कळवावं लागेल," ताई म्हणाली. "ते काही मी लपवणार नाही. आणि बाहेरून कुलूप लावणं आजपासून बंद. पण मला आधी एक सांगा. उद्या सकाळी तुम्ही कामावर गेलात की पोरं कुठे असतील?"

त्याने काकूंच्या घरात बसलेल्या पोरांकडे पाहिलं.

"माझ्याकडे," काकू दारातून म्हणाल्या. "दुसरी सोय होईपर्यंत. मी म्हातारी आहे, पण लंगडी नाही."

"तान्ह्यांना घेणारं पाळणाघर मी शोधते," ताई म्हणाली. "शाळेशीही बोलते. दर आठवड्याला येईन. तुम्हाला राग आला तरी येईन."

बापाने नुसती मान हलवली. मग वर्दीच्या बाहीने डोळे पुसले आणि आत जाऊन टिल्लीचा हात बघितला. बराच वेळ तो तसाच धरून बसला. "चुकलो गं," एवढंच म्हणाला.

"जास्त नाही भाजत, बाबा," टिल्लीने त्याची समजूत काढली.

काकूंनी ढब्बूला दूध पाजलं, पाठ थोपटली आणि आपल्या अंथरुणावर निजवलं. टिल्ली सारखी मध्ये मध्ये करत होती. पांघरूण असं नाही, तसं. डोकं इकडे.

"मी बघते त्याचं," काकू म्हणाल्या. "तू जा."

"मग मी काय करू?"

"काय म्हणजे? खेळ की!"

टिल्ली खोलीच्या मधोमध उभी राहिली. कडेवर कुणी नव्हतं, तरी ती एका बाजूला कललेलीच होती.