दहावं गाणं

"आता हे जपानी हायत," महालिंगप्पा म्हणाला, आणि सिदूनं कान टेपरेकॉर्डरच्या आणखी जवळ नेला.

महालिंगप्पा मूळचा मुरुमचा. वीस वर्षं जहाजांवर बॉयलर सांभाळत होता. सुट्टीत ढोकीला बहिणीकडं आला होता, आणि सिदू रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसत होता.

"गाणं त्यांचं, पर ठेका जमैकाचा. रेगे म्हणत्यात त्याला."

सिदूला रेगे हे फक्त आडनाव ठाऊक होतं. पण ठेका त्याच्या अंगात शिरला होता. पहिली मात्रा रिकामी सोडायची आणि नेमकी तिसरीवर हाणायची, हे कुठलं डोकं?

कॅसेटवर त्याच ठेक्याची नऊ गाणी होती. पोलंडची होती, न्यूझीलंडची माओरी होती, जपानी होती. जमैकाचं म्हणून एकही नव्हतं. सोबतच्या कार्डावर बाळबोध अक्षरात यादी होती : 'पाच – योकोहामा. केंजी.' आधी गाव, मग माणूस.

"बंदरावरच्या टपरीत बसायचं, टेप टेबलावर ठेवायचा, लाल बटण दाबायचं. ज्यानं वाजवलं त्याचं नाव लिवल्याबिगर म्या उठत न्हाय. हा माजा नेम," महालिंगप्पा म्हणाला. मग त्यानं टेप सिदूच्या हातात दिला. "शनिवारी बाराच्या यष्टीनं निघालो. तवर ऐक. पर जप."

जपायचं म्हणजे बापापासून जपायचं, हे सिदूला न सांगता कळलं.

घरात बाप-लेक दोघंच. श्रीपतीनं छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात गावकीची हलगी विहिरीत टाकली. लोकांच्या दारात, लोकांच्या हुकमानं वाजवणं संपलं. तीस वर्षं झाली, पण जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा त्यानं कधी बोटं हलवली नाहीत. जुनी माणसं अजून त्याच्या हाताची आठवण काढत. सिदूनं तो हात कधी ऐकला नव्हता, आणि ऐकवा म्हणायची त्याची छाती नव्हती.

सोमवारी त्यानं भीतभीतच टेप लावला. श्रीपती उंबऱ्यात बसून होता.

"कोण हायत ही?" त्यानं विचारलं.

सिदूला तेवढंच हवं होतं. त्यानं टपरी, लाल बटण सगळं रंगवून सांगितलं. "आन् ह्यो ठेका जमैकाचा, आबा. गोऱ्यांनी माणसं विकत आणली हुती तिथं, ऊस तोडाय. त्यांच्या पणतवंडांनी काढला. आता सारं जग वाजवतंय."

"कुणाच्या हुकमानं?"

"कुणाच्याच न्हाय. आपल्या मनानं."

श्रीपती उठून बाहेर गेला. सिदूनं घाईघाईनं टेप बंद केला.

त्या उन्हाळ्यात गावात पाण्याचा ठणठणाट होता. श्रीपती रोज सकाळी विहिरीचा गाळ उपसायला जाई आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परते. सिदू कारखान्यात फिटर. त्याचं वर्कशॉप ऐन भोंग्याखाली. गेल्या वर्षी नवा भोंगा बसला; तो दिवसातून एकदाच, दुपारी बाराला वाजायचा, आणि सिदू तेव्हा कानात बोटं घालून उभा असायचा. सुट्टीच्या दिवशी भोंगा मुका.

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला तर टेप फळीवर उलट्या तोंडानं ठेवलेला. हलगी गेली त्या वाटेनं हाही जाणार.

"आबा, ह्याला हात लावला व्हता?"

"पुसला. धूळ बसली हुती."

सिदूनं इकडंतिकडं पाहिलं. विहिरीच्या गाळात सापडलेलं पितळी कडं श्रीपतीनं माठाखाली ठेवलं होतं; माठ त्यावरून उतरवून भिंतीला टेकवलेला होता. बाकी सगळं जागच्या जागी. काही मोडलंय का बघावं म्हणून त्यानं कॅसेट पहिल्यापासून लावली. नऊही गाणी शाबूत होती. हायसं वाटून तो बंद करायचंच विसरला. फीत थोडा वेळ नुसती खरखरली, आणि दहावं गाणं सुरू झालं.

त्यात गिटार नव्हती, कातड्याचा आवाजही नव्हता. कुणीतरी नुसत्या धातूवर वाजवत होतं. पहिली मात्रा रिकामी, तिसरीवर घाव. आणि मधूनच असा एक तिरपा हात, जो त्या नऊ गाण्यांत कुणाला जमला नव्हता. एक जाड, म्हातारा आवाज तोंड मिटून गुणगुणत होता. मध्येच लांबवर जहाजाचा भोंगा वाजला, शेवटी जरा घसरला. वाजवणारा थांबला नाही.

सिदूच्या अंगावर काटा आला. त्यानं कार्ड पाहिलं. यादी नवावरच संपत होती. महालिंगप्पा लिहायला विसरला असणार.

मग त्याला दुसरं काही सुचेना. धातू वाजवणारे हे लोक कुठले? अरब? आफ्रिकेचे? शुक्रवारी त्यानं न राहवून बापालाच ते ऐकवलं.

"ही कुठली माणसं असतील, आबा?"

"मला काय ठावं?" श्रीपती म्हणाला. "बरं वाजवत्यात?"

"लई बरं. असं म्या कदी ऐकलंच न्हाय."

श्रीपती पाणी प्यायला माठाकडं गेला आणि बराच वेळ तिथंच पाठमोरा उभा राहिला.

शनिवारी सिदूनं रजा टाकली आणि स्टँड गाठलं. यष्टी यायची होती. बाकावर बसल्या बसल्या त्यानं दहावं गाणं लावलं.

"अण्णा, हे कुठलं बंदर? नाव लिवायचं ऱ्हायलंय तुमचं."

महालिंगप्पानं डोळे मिटून ऐकलं. ऐकता ऐकता त्याच्या कपाळावर आठी आली.

"हे म्या भरलेलं न्हाय."

"असं कसं? बोटीचा भोंगा हाय की त्यात."

"बोटीचा असा नसतो रं. माजं आयुष्य गेलंय त्यात."

टेपमधला भोंगा वाजून विरला, आणि तेवढ्यात कारखान्याच्या दिशेनं बाराचा भोंगा झाला. लांबून येणारा, शेवटी जरा घसरणारा. सिदू पहिल्यांदाच तो लांबून ऐकत होता.

महालिंगप्पानं टेप थांबवला. "ह्या वक्ताला तुज्या घरी कोण असतं?"

धुरळा उडवत यष्टी आली. महालिंगप्पानं पिशवी उचलली, खिशातून पेन काढलं आणि कार्डासकट सिदूपुढं धरलं.

सिदूनं कार्ड मांडीवर ठेवून नवव्या ओळीखाली लिहिलं : 'दहा – ढोकी. श्रीपती.'