जुन्या सर्व्हरकडे

"या खेड्यातल्या पोरांना शेवटच्याच दिवशी जाग येते," दीपमालाच्या शेजारी अभिनव पुटपुटला. शिष्यवृत्तीचे अर्ज घेणारी वेबसाइट त्यांची हिंजवडीतली कंपनी चालवायची आणि ती गर्दीने गुदमरली होती. "गावाकडची गर्दी जुन्या सर्व्हरवर वळवा," मॅनेजर म्हणाले. "तपासणारे अधिकारी पुण्यात बसलेत, त्यांना पान पटकन उघडलेलं दिसलं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या, जुन्या सर्व्हरबद्दल कुणी बोललं नाही. दीपमालाने मात्र गर्दी सगळ्या सर्व्हरवर सारखी वाटून टाकली. पान सावकाश, पण सगळ्यांकडे उघडू लागलं. "अहो मॅडम, समाजसेवेचा पगार वेगळा मिळतो का?" म्हणत मॅनेजरनी माउसकडे हात नेला. तिने माउस सोडला नाही. "सोडणार नाही, सर. जुना सर्व्हर बंद पडणार हे प्रत्येकाला माहीत होतं. त्या मुलांचे अर्ज पोचू नयेत, असंच आपण सगळ्यांनी ठरवलं होतं."